क्रिएटिनिन उतरलं, पण बाबांचं वजनही उतरलंय

पत्र थोडक्यात असं आहे:

पत्र लिहिणाऱ्या 31 वर्षांच्या आहेत आणि नोकरीसाठी पुण्यात राहतात. वडील 62 वर्षांचे. ते तालुक्याच्या गावी आई, मोठा मुलगा आणि सून यांच्यासोबत असतात. 17 वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. यंदा तपासणीत क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते ते एक द्रव्य) 2.5 आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते याचा अंदाज देणारा आकडा) 28 आलं. ‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकून घर हादरलं. आईने डाळ, कडधान्यं, पालेभाजी, भाकरी, फळं सगळं बंद केलं. आता दोन्ही वेळ भात आणि उकळून पाणी फेकलेला दुधी नाहीतर दोडका. त्याच सुमारास मुंबईच्या मामांनी ‘किडनी साफ करणाऱ्या चांगल्या जंतूं’च्या कॅप्सूल पाठवल्या, महिन्याला साडेचार हजारांच्या. डॉक्टरांना विचारलं तर ते घाईत “घेतल्या तरी चालतील” एवढंच म्हणाले. दोन महिन्यांनी क्रिएटिनिन 2.2 आलं, ईजीएफआर 33. मामांचं म्हणणं, डोस दुप्पट करा. भावाचं म्हणणं, आता एवढा फरक पडतोय तर डॉक्टरांनी सुरू केलेली डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी बंद करू, तिच्यामुळे बाबांना सारखं लघवीला उठावं लागतं. दरम्यान बाबांचं वजन 68 वरून 62 किलोवर आलंय. तीन-तीन दिवस परसाकडे होत नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, भावाला जुलाबाचं औषध आणायला सांगितलं तेव्हा कळलं. प्रश्न तीन आहेत. कॅप्सूल चालू ठेवायच्या का? त्याऐवजी घरचं ताक चालेल का? आणि आईला रात्ररात्र छळणारा तिसरा: आपल्याच हातच्या जेवणाने यांचं पोट बिघडलं आणि त्यातून किडनी गेली, असं असेल का?

उत्तर:

तुमच्या तीन प्रश्नांकडे येण्याआधी भावाला आजच फोन करा. डॅपाग्लिफ्लोझिन मनाने बंद करायची नाही. किडनीच्या रुग्णांवर या गोळीची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 साली आले. 4,304 रुग्ण होते, ईजीएफआर 25 ते 75 मधले, म्हणजे तुमचे बाबा बसतात त्याच गटातले. किडनी निकामी होणं, तिचं काम निम्म्याने घटणं किंवा किडनी-हृदयाच्या आजाराने मृत्यू येणं, हा एकत्रित धोका गोळी घेणाऱ्यांत 39 टक्क्यांनी कमी दिसला. तुमच्या घरात सध्या जी जी औषधं येतात, त्यातलं खरंच किडनी वाचवण्याचं काम करणारं हे एक आहे, आणि नेमकं तेच बंद करायची चर्चा चाललीय. रात्री उठावं लागत असेल तर गोळी सकाळी घेतात ना, ते बघा. उलट्या-जुलाब झाले किंवा जेवणच जात नसेल, तर मात्र त्या दिवसांत ती थांबवावी का हे डॉक्टरांना लगेच विचारायचं. न जेवता ही गोळी घेत राहणं धोक्याचं असतं. बाबा सध्या जेवढं जेवतात ते पाहता ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत हवी.

आता ते 2.2.

तुमच्या पत्रात दोन आकडे एकमेकांपासून लांब, वेगवेगळ्या परिच्छेदांत आले आहेत. एका जागी क्रिएटिनिन 2.5 वरून 2.2. बऱ्याच ओळींनंतर वजन 68 वरून 62. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. अंगात मांस जेवढं, तेवढं ते रोज रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. किडनीचं काम होतं तेवढंच राहिलं आणि स्नायू झिजले, तरी रक्तातलं क्रिएटिनिन उतरतंच. ईजीएफआर हा आकडा वय, लिंग आणि क्रिएटिनिन एका सूत्रात घालून काढलेला असतो. त्या सूत्राला तुमच्या बाबांचा दंड केवढा राहिलाय हे माहीत नसतं. त्यामुळे ‘चौथ्या स्टेजवरून तिसऱ्या स्टेजला आले’ हा घरातला आनंद मला घाईचा वाटतो. दोन महिन्यांत सहा किलो, तेही भात-दुधीवर, म्हणजे त्यात स्नायू गेले असण्याची दाट शक्यता आहे. थोडं वजन डॅपाग्लिफ्लोझिनमुळेही घटतं, पायावर सूज असेल तर ती उतरल्यानेही घटतं. नेमकं काय झालं ते डॉक्टर तपासून सांगतील. त्यांना तसं स्पष्ट विचारा: “वजन सहा किलोने घटलंय, मग हे क्रिएटिनिन खरं धरायचं का?” सिस्टॅटिन-सी नावाची एक रक्ततपासणी आहे. ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते, आणि अशा वेळी उपयोगी पडते. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी, रक्तातलं बायकार्बोनेट आणि पोटॅशियम. हे सगळं हातात आलं की चित्र बरंच स्पष्ट होईल. एकट्या क्रिएटिनिनवर घर हसतं-रडतं हे मी ओपीडीत वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. त्यात लोकांचा दोष नाही, आम्ही डॉक्टरच तो एक आकडा कागदावर गोल करून दाखवतो.

मामा जे सांगतात त्यात तथ्य अजिबात नाही, असं मात्र म्हणू नका. पोटातले जंतू आणि किडनी यांचा संबंध खरा आहे, आणि तो चांगलाच गुंतागुंतीचा आहे.

आपण खाल्लेल्या प्रथिनांचा काही भाग न पचता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथले जंतू त्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल आणि टायरोसिनपासून पी-क्रेसॉल बनवतात. शरीर त्यांचं रूपांतर करतं आणि इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट अशी द्रव्यं रक्तात येतात. धडधाकट माणसाची किडनी ती लघवीवाटे टाकून देते, आपल्याला पत्ताही लागत नाही. किडनी मंदावली की ती साठतात. रक्तातल्या प्रथिनांना ती इतकी घट्ट चिकटून असतात की डायलिसिसनेही नीट निघत नाहीत. रक्तवाहिन्यांना आणि उरल्यासुरल्या किडनीला ती त्रासदायक ठरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. ही द्रव्यं आतड्यातूनच येतात हे कशावरून? 2011 सालचा एक अभ्यास मला फार आवडतो. काही डायलिसिसच्या रुग्णांचं मोठं आतडं पूर्वी दुसऱ्या कारणाने शस्त्रक्रियेत काढलेलं होतं. त्यांच्या रक्तात ही दोन्ही द्रव्यं जवळपास नव्हतीच. आतडं शाबूत असलेल्या रुग्णांत मात्र भरपूर होती.

उलट दिशेनेही परिणाम होतो. रक्तात युरिया वाढला की तो आतड्यातही झिरपतो. युरिया फोडू शकणाऱ्या जंतूंना तिथे आयतंच खाद्य मिळतं. ते त्याचा अमोनिया करतात, आतड्यातली आम्लता बदलते, आतड्याच्या अस्तराची वीण सैल पडते, आणि आतलं नको ते रक्तात शिरून अंगात सततचा दाह राहतो. तंतुमय पदार्थांवर जगणारे, ब्युटिरेटसारखी आतड्याला पोसणारी आम्लं बनवणारे जंतू मात्र मागे पडतात. म्हणजे किडनी बिघडल्याने पोट बिघडतं आणि बिघडलेलं पोट किडनीवर भार टाकतं.

इथवर मामांचं बरोबर. पुढचं पाऊल चुकतं: ‘म्हणून चांगले जंतू गिळले की किडनी सुधारेल.’

हा तर्क ऐकायला बिनतोड आहे, म्हणून तो जगभर तपासला गेला. ऑस्ट्रेलियात 2016 साली एक नीट बेतलेली चाचणी झाली. त्यात चांगले जंतू आणि त्यांचं खाद्य असं दोन्ही एकत्र दिलं. 31 रुग्णांनी ती पूर्ण केली. पी-क्रेसिल सल्फेट कमी झालं, आतड्यातले जंतूही बदलले. इंडॉक्सिल सल्फेट मात्र लक्षात येण्याजोगं कमी झालं नाही, आणि किडनीचं काम सुधारलं नाही. कोक्रेन या नामांकित संस्थेने 2023 मध्ये अशा 45 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. बहुतेक अभ्यास छोटे, थोड्या काळाचे. जंतूंच्या कॅप्सूलने किडनी वाचते किंवा डायलिसिस लांबतं असं ठामपणे सांगण्याजोगं त्यात काही हाती लागलं नाही. आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते या सगळ्या विषयाला लगाम घालणारं आहे. जपानमध्ये 1991 पासून किडनीच्या रुग्णांना एक खास कोळसा पोटात देतात. तो आतड्यातच इंडोल शोषून घेतो, म्हणजे विष रक्तात शिरायच्या आधीच पकडतो. याहून सरळ उपाय कोणता असणार? पण दोन हजारांहून जास्त रुग्णांवर अनेक देशांत चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, आणि औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी घेतलेल्या गटापेक्षा वेगळा निकाल दिसला नाही. विष खरं, त्याचा उगमही खरा, तरी उपाय लागू पडेलच असं नाही. औषधशास्त्रात हे वारंवार होतं, आणि जाहिरात करणाऱ्यांना नेमका पहिला अर्धाच भाग आठवतो.

‘किडनी साफ करणाऱ्या’ म्हणजे काय, हेही कुणीतरी त्या कंपनीला विचारायला हवं. काही जंतू आतड्यात युरिया फोडतात, त्यामुळे रिपोर्टमधला युरियाचा आकडा थोडा उतरू शकतो. किडनीची चाळणी जिथे कायमची बुजली आहे, तिथे मात्र तो जंतू पोहोचतही नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डोस दुप्पट करण्याचा प्रश्नच येत नाही, आणि माझ्या मते कॅप्सूल बंद करायला हरकत नाही. डॉक्टर “घेतल्या तरी चालतील” म्हणाले त्याचा अर्थ ‘फारसं नुकसान नाही’ एवढाच असावा. तेवढं मलाही मान्य आहे. पण महिन्याचे साडेचार हजार हे तुमच्या घरात छोटं नुकसान नाही. त्या पैशांत रक्तदाब मोजायचं चांगलं यंत्र येतं, आहारतज्ज्ञांच्या भेटी होतात, वर सांगितलेल्या तपासण्या होतात. आणि त्याहून मोठं नुकसान तुमच्या पत्रातच दिसतंय: कॅप्सूलवरच्या विश्वासापोटी खरं औषध बंद व्हायला निघालं होतं.

बाहेरून गिळलेले जंतू आतड्यात सहसा वस्तीला राहत नाहीत. कॅप्सूल थांबवली की काही दिवसांत ते निघूनही जातात. आतड्यात कोण टिकणार हे ठरतं ते रोज तिथे खायला काय येतं आणि ते किती वेळ साचून राहतं यावर. बाबांच्या पोटात सध्या काय येतंय? पांढरा भात आणि उकळून पाणी फेकलेला दुधी. साचून किती राहतंय? तीन दिवस. कोरडवाहू रानात पाऊस नसताना महागडं बियाणं टाकण्यासारखं झालं हे.

म्हणून तुम्ही पत्रात जवळजवळ लाजत, शेवटी लिहिलेली गोष्ट मी सगळ्यात वर घेणार आहे. बाबांचं बद्धकोष्ठ. मळ मोठ्या आतड्यात जितका जास्त वेळ राहतो, तितका जंतूंना प्रथिनं कुजवायला वेळ मिळतो आणि तितकं ते इंडोल, क्रेसॉल जास्त बनतं. दुसरं, किडनी मंदावल्यावर शरीर जास्तीचं पोटॅशियम काही प्रमाणात शौचावाटे टाकू लागतं. ती वाट तुंबली की पोटॅशियम चढतं. म्हणजे पोटॅशियमच्या भीतीने भाज्या बंद केल्या, त्याने बद्धकोष्ठ झालं, आणि बद्धकोष्ठाने पोटॅशियम चढायचा धोका वाढला. तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात त्यात पोटॅशियम 4.9 आहे. यावर लक्ष ठेवायला हवं, पण एवढ्यासाठी सगळ्या भाज्या-फळांवर बंदी घालायची गरज नव्हती.

बद्धकोष्ठ का झालं, हे शोधायला त्यांच्या औषधांची पिशवी उलटी करून बघा. लोहाची गोळी चालू आहे का? फॉस्फरस कमी करणारी कॅल्शियमची गोळी? या दोन्हींनी मळ घट्ट होतो. 17 वर्षांच्या मधुमेहाने आतड्याच्या नसाही मंदावतात. ‘गॅससाठी’ म्हणून वर्षानुवर्षं रोज सकाळी पॅन्टोप्रॅझोल चालू असेल, तर तिची खरंच गरज उरली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. त्या गोळीने आतड्यातले जंतू बदलतात, शिवाय दीर्घकाळ घेणाऱ्यांत किडनीच्या तक्रारी जास्त दिसल्या आहेत. बहुतेक घरांत ती कुणी, कधी, का सुरू केली हे कुणालाच आठवत नाही. आणि गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी पिशवीत सापडली, तर ती थेट कचऱ्यात टाका.

जुलाबाचं औषध बाबांनी आणायला सांगितलं, ते कोणतं होतं? मॅग्नेशियम असलेली पातळ औषधं, दुधाळ रंगाची, गावात सर्रास मिळतात. किडनी कमजोर असताना ती घ्यायची नाहीत, मॅग्नेशियम अंगात साठतं. फॉस्फेटचा एनिमाही नको. लॅक्ट्युलोज किंवा इसबगोल किडनीच्या बहुतेक रुग्णांना चालतं. इसबगोलासोबत पुरेसं पाणी लागतं, म्हणून ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय त्यांनी आधी विचारावं. मधुमेह असल्याने लॅक्ट्युलोजचा डोसही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. याच लॅक्ट्युलोजवर काही चांगले जंतू पोसले जातात. महागड्या कॅप्सूलवर ‘प्रीबायोटिक’ म्हणून जे छापलेलं असतं, त्याचंच हे एक साधं रूप. त्रिफळा, सोनामुखीची चूर्णं, ‘आयुर्वेदिक’ लिहिलेली सुटी पूड मात्र नको. आत नेमकं काय आहे हे कळायला मार्ग नसतो, आणि बेल्जियममध्ये 1990च्या दशकात वजन घटवण्याच्या वनस्पतींच्या गोळ्यांतून चुकीची वनस्पती गेल्याने किती बायकांच्या किडन्या गेल्या, तो इतिहास आम्हा लोकांच्या कायम डोक्यात असतो.

आता जेवण. इथे मला आईशी बोलायला आवडलं असतं, कारण सगळं तिच्या हातात आहे.

भाकरी परत आणा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 सालच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. ‘ज्वारी-बाजरीत फॉस्फरस असतो’ असं कुणी सांगितलं असेल. असतो, पण धान्या-कडधान्यांतला फॉस्फरस अशा रूपात असतो की माणसाचं आतडं तो निम्म्याच्या आसपासच शोषतं. कोल्ड्रिंक, पाकीटबंद मांस, बेकरीतले पदार्थ, प्रोसेस्ड चीज यांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळपास सगळाच अंगात जातो. बंदी घालायची तर तिथे घालावी. शिवाय मधुमेही माणसाला दोन्ही वेळ नुसता पांढरा भात, यामुळे साखर कुठे गेली असेल? तुम्ही पत्रात साखरेचा आकडा लिहिलेलाच नाही. किडनीच्या काळजीत मधुमेह मागे पडला, की किडनी बिघडवणारं मूळ कारणच मोकाट सुटतं.

डाळही परत आणा. किडनी मंदावलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे 0.8 ग्रॅम प्रथिनं, असं 2024 सालचं जागतिक मार्गदर्शन सांगतं. बाबांचं नेहमीचं वजन धरलं तर पन्नास ग्रॅमच्या आसपास. भात-दुधीत त्याच्या निम्मीही मिळत नसणार. तीस ग्रॅम कच्च्या तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत साडेसहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, दोन मध्यम भाकऱ्यांत दहाएक, वाटीभर दह्यात तीन-चार. दिवसभरात असा हिशेब लावायचा. ‘किडनीचा पेशंट म्हणजे प्रथिनं शून्य’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. मर्यादा आणि उपासमार यांत मोठं अंतर आहे. प्रथिनांच्या पावडरीचे डबे मात्र मनाने आणू नका, तो दुसऱ्या टोकाचा अतिरेक.

भाज्यांचं म्हणाल तर दोडका, घोसाळं, दुधी, पडवळ, कोबी, भेंडी, गवार आलटून-पालटून करा. पालेभाजी आठवड्यातून दोन-तीनदा, चिरून, पाण्यात उकळून, ते पाणी ओतून देऊन मग फोडणीला. प्रत्येक भाजीला ही शिक्षा नको. फळांत पेरू किंवा सफरचंदाच्या एक-दोन फोडी, पपईची एखादी फोड. नारळपाणी नको, सुक्या मेव्याची मूठ नको. कमरख, म्हणजे स्टार फ्रूट, अजिबातच नको. किडनीच्या रुग्णांना त्या फळाने उचकी, भ्रम, आकडी येऊन जीव गेल्याच्या नोंदी आहेत, आणि कोकणात-गोव्यात ते अंगणात सहज मिळतं. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी, सगळं धरून. पापड, लोणचं, फरसाण यांतच ते उडून जातं. सैंधव हेही मीठच. आणि ‘लो सोडियम’ म्हणून मिळतं त्यात पोटॅशियम असतं, ते बाबांच्या ताटात नकोच.

हे सगळं एकदम सोमवारपासून सुरू करायचं नाही. आधी भाकरी आणि डाळ, चार-पाच दिवसांनी भाज्या, मग फळ. तंतू एकदम वाढवले तर पोट फुगेल आणि आई पुन्हा भातावर येईल. पंधरा दिवसांनी पोटॅशियम आणि साखर तपासून घ्या. जवळच्या शहरात किडनीच्या रुग्णांचा आहार पाहणाऱ्या आहारतज्ज्ञ असतील तर एकदा आईलाच घेऊन जा, बाबांपेक्षा आईला. वरचे आकडे दिशा कळण्यापुरते आहेत, तिथे ते बाबांच्या रिपोर्टनुसार बसवून घेता येतील.

ताक? चालेल, आणि बाबांना आवडत असेल तर रोज द्या. दुपारच्या जेवणासोबत घरच्या दह्याचं पातळ ताक, मीठ न घालता, जिरेपूड, कोथिंबीर, थोडं आलं लावून. बाजारच्या मसाला ताकाची पिशवी नको, त्यात मीठ फार. कढी चवीला करा, पण उकळल्यावर जंतू उरत नाहीत. मात्र ताकाला औषधाची जागा देऊ नका. आंबट दुधाने आयुष्य वाढतं हा विचार रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडला. त्याला 1908 साली नोबेल मिळालं ते रोगप्रतिकारशक्तीच्या वेगळ्या कामासाठी, आणि आंबट दुधाची लाट युरोपभर पसरली ती त्याच्या नावाच्या वजनावर. शंभरेक वर्षं झाली, दही चांगलं अन्न आहे यापलीकडे फार पुढे जाता आलेलं नाही. पण अन्न म्हणून ते चांगलंच आहे. बहिणी-भावांत ‘ताक की कॅप्सूल’ असा वाद घालायची गरज नाही, ताकाचा खर्च आपण तसाही करतोच.

आईचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तो तुम्ही तिला वाचून दाखवाल.

आई, तुमच्या जेवणाने त्यांची किडनी गेलेली नाही. 17 वर्षांचा मधुमेह आणि रक्तदाब ही त्यामागची ठळक कारणं आहेत. पोटाच्या तक्रारीचा संबंध अगदी नाहीच असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या सुमारे 35 लाख निवृत्त सैनिकांच्या नोंदी 2017 मध्ये तपासल्या, तेव्हा बद्धकोष्ठ असलेल्यांत पुढे किडनीचा आजार 13 टक्के जास्त दिसला. पण सोबत दिसणं म्हणजे त्यानेच होणं असं नाही. ज्यांना बद्धकोष्ठ होतं त्यांना इतर आजार आणि औषधंही जास्त असतात. एक लक्षात घ्या: आजाराआधीचं तुमचं जेवण, भाकरी, आमटी, पालेभाजी, ताक, हे आतड्यातल्या जंतूंच्या दृष्टीने आत्ताच्या पथ्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. भीतीने तुम्ही तेच काढून टाकलंत. ते जरा मीठ-तेल आवरून परत आणायचं आहे, एवढंच तुम्हाला करायचं आहे.

असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण वरचा सल्ला सगळ्यांना जसाच्या तसा लागू नाही. डायलिसिस चालू असेल तर प्रथिनं कमी नाही, उलट जास्त लागतात, दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, आणि पाणी, पोटॅशियम यांचं गणितच वेगळं होतं. किडनी बदललेली असेल आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर जिवंत जंतूंची कुठलीही कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. क्वचित का होईना, तेच जंतू रक्तात शिरून आजारी पाडतात.

मामांशी वाद घालू नका. त्यांनी पदरचे पैसे घालून आणि काळजीपोटी हे पाठवलं. “मामा, पोटाचा आणि किडनीचा संबंध तुम्ही म्हणालात तो खरा निघाला, डॉक्टर म्हणाले आधी बद्धकोष्ठ सोडवू” असं सांगा. पुढचा महिन्याचा डबा येईल तेव्हा त्याऐवजी रक्तदाबाचं यंत्र पाठवा म्हणावं, त्यांनाही काहीतरी केल्याचं समाधान हवंच आहे.

आणि बाबांशी शौचाविषयी बोलायचं काम भावावर सोपवा. मुलीला, सुनेला ते सांगणार नाहीत. कॅलेंडरवर ज्या दिवशी पोट साफ झालं त्या दिवशी पेनाने एक टिंब, आणि दर रविवारी सकाळी, काही खाण्याआधी, वजन. पुढच्या भेटीला ते कॅलेंडर, औषधांची सगळी पिशवी आणि कॅप्सूलचा डबा तिन्ही सोबत न्या. डॉक्टर घाईत असतील तर बोलण्याआधी टेबलावर आधी कॅलेंडर ठेवा.